ढगळ वर्दीची परेड

छावणीत तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. हजेरीच्या वेळी कारकुनाने तिचं पाळण्यातलं नाव घेतलं की तिलाच क्षणभर वाटायचं, ही बाई कोण नवीन आली? एरवी ती भोंगा. शिपाई माघारी म्हणत, साहेब लोक हसत हसत तोंडावर म्हणत, आणि नवरा लाडात आला की तोही म्हणे. तिला त्याचं वाईट कधी वाटलं नाही. उलट मान ताठ करून ती सांगायची, भोंगा वाजला की अख्खी छावणी उठते. असं नाव मिळायला नशीब लागतं.

हा आवाज तिला नदीने दिला. बाप पल्याडच्या काठावर मेंढरं चारायचा आणि जेवणवेळ झाली की आई तिला अल्याडच्या खडकावर उभी करायची. "घाल साद." मधे रुंद पाणी, वारा आडवा, आणि पोर एवढीशी. पण पोट आत ओढून तिने "बाऽऽबा" अशी हाक घातली की पल्याड तिचा बाप तर उठायचाच, शेजारच्या रानातले आणखी दोन-चार बापही दचकून उठायचे. शाळेत कविता म्हणायची वेळ आली की मास्तर तिला दाराबाहेर उभी करत. "तू तिथूनच म्हण, बाळ," ते म्हणत, "आम्हाला येतं ऐकू."

भरतीला गेली तेव्हा टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "नाव?" तिने सांगितलं. साहेबांच्या हातातलं पेन पडलं. शेजारच्या खोलीत वजन करून घेणाऱ्या मुली एकमेकींना विचारू लागल्या, "आपल्याला बोलावलं का गं?" भरती तिथेच झाली म्हणायची.

पुढे ती कवायत शिकवू लागली. छावणीत अशा माणसाला उस्ताद म्हणतात, मग तो बाप्या असो की बाई. नव्या मुलींची तुकडी तिच्या हाती यायची ती गोंधळलेल्या मेंढरांसारखी. कुणाचा डावा पाय उजव्याच्या आधी, कुणाचे हात वाऱ्यावर. महिना-दीड महिन्यात तीच तुकडी अशी चालायची की बघणाऱ्याने टोपी सरळ करावी. भोंग्याचा आवाज जेवढा मोठा, तेवढाच कान बारीक होता. तुकडी चालू लागली की ती डोळे मिटून उभी राहायची. सगळ्या टाचांचा मिळून एकच आवाज यायला हवा, भरलेलं पोतं खांद्यावरून एकदाच खाली टाकावं तसा. धप्प. त्यात एक जरी टाच मागे राहिली तरी तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि डोळे न उघडताच ती ओरडायची, "तिसऱ्या रांगेत कोण झोपलंय?"

आता छावणीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच फिरतं.

रोज सकाळी परेड संपली की छावणीचे मोठे साहेब प्रत्येक तुकडीसमोर येऊन विचारत, "कुणाची काही तक्रार?" आणि तुकडीने एका दमात उत्तर द्यायचं, "नाही, साहेब!" ही पद्धत किती जुनी होती कोण जाणे. बुटाची नाडी नीट बांधता यायच्या आधी मुलींना हे उत्तर शिकवलं जायचं. मोठे साहेब प्रश्न विचारत, उस्ताद डाव्या टाचेने जमिनीवर एक ठोका देई, आणि तो ठोका पडला की सगळ्यांनी मिळून ओरडायचं. ज्या तुकडीचा "नाही" सगळ्यांत मोठा, तिच्या बराकीत महिनाभर पितळी करंडक. तो करंडक भोंग्याच्या बराकीतून दुसरीकडे गेल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. "घशातून नको गं, पोटातून!" ती शिकवायची. "भिंतीवरचा कावळा उडाला पाहिजे!" मैदानाच्या भिंतीवर एक कावळा खरंच बसायचा, आणि बिचारा रोज उडायचा.

नव्या मुलींना ती एक गोष्टही न चुकता सांगायची. ती स्वतः नवीन असताना एक जवान मुदपाकखान्याच्या बोळात तिची वाट अडवून उभा राहिला होता. बोळ अरुंद, मागे भिंत. तिने मागचापुढचा विचार न करता पोटातून आरोळी ठोकली, "सावधाऽऽन!" आणि तो गडी सवयीने टाचा जुळवून ताठ उभा राहिला. त्याच्या बाजूने सटकून ती निघून गेली. "मी वळून 'विश्राम' म्हटलंच नाही," ती शेवटी म्हणायची. "अजून तसाच उभा असेल मेला!" मग स्वतःच खदखदून हसायची. मुलीही हसायच्या. त्या हसण्यातला एखादा सूर हलका लागतो आहे, हे मात्र त्या बारीक कानाला कधी कळलं नाही.

ज्या वर्षाची ही हकिकत, त्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती. सावळी, काटक, बोलायला कमी. गोष्ट संपल्यावर सगळ्या हसल्या आणि हिने विचारलं, "उस्ताद, तो वरच्या हुद्द्याचा असता तर?"

"तर काय?"

"तर सावधान कुणी म्हणायचं?"

भोंग्याने तिच्याकडे बघितलं, म्हणाली, "फार प्रश्न पडतात तुला. मैदानाला दोन फेऱ्या मार, उत्तर सापडेल."

मुलगी फेऱ्या मारायला गेली आणि भोंग्याचे कान टवकारले. बुटांचा आवाज दुहेरी येत होता. पाय आधी पडायचा, बूट मागून. थप-थप, थप-थप. जणू एकीच्या मागे दुसरी कुणी धावते आहे. त्या दिवसापासून त्या मुलीचं नाव पडलं डबल.

"बूट मोठा आहे तुझा. पुढे काय कोंबलंय?"

"वर्तमानपत्र, उस्ताद."

"पायाने बातम्या वाचतेस होय गं? जा, कोठीत जाऊन बदलून आण."

"हो, उस्ताद."

दुसऱ्या दिवशी पुन्हा थप-थप. तिसऱ्या दिवशी तेच. भोंगा चिडली, ओरडली, फेऱ्या वाढवल्या. डबल निमूट फेऱ्या मारी, पण कोठीची पायरी काही चढेना. आणि सकाळी मोठ्या साहेबांचा प्रश्न आला, ठोका पडला, की सगळ्यांसोबत तिचंही तोंड उघडायचं, "नाही, साहेब!" फक्त भोंग्याला कळायचं की त्या तोंडातून आवाज निघत नाही.

कोठी म्हणजे कपडे, बूट, कांबळी ठेवण्याची लांबलचक इमारत. तिचा कारभार एका जुन्या सुभेदाराकडे होता. त्याला सगळे काका म्हणत. गळ्यात माप घ्यायची फीत, ओठावर हसू, आणि थंडीत कुणाला जास्तीचं कांबळं हवं असलं तर काका कधी नाही म्हणायचे नाहीत. भोंग्याच्या लग्नात त्यांनी स्वतः पंगतीत वाढलं होतं. काकांविषयी वावगं बोलणारं माणूस छावणीत नव्हतं. निदान ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलणारं तरी नव्हतं.

भोंग्याचा नवरा शिंपी. छावणीच्या फाटकासमोर त्याचं पत्र्याचं दुकान, मागे घर. माणूस किडकिडीत, हळू बोलणारा. घरात एकाच भोंग्याला जागा आहे हे त्याने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. नव्या भरतीच्या वर्द्या त्याच्याकडे आत घ्यायला यायच्या. त्या दिवशी दुपारी भोंगा जेवायला घरी आली तर तो दारात बसून एका मुलीच्या वर्दीची बाही मुडपत होता.

"उस्ताद, एक विचारू?" तो नेहमी असाच चेष्टेने सुरुवात करायचा.

"विचारा. पण पायाने मशीन चालवत विचारा, वाकून वाकून कुबड येईल."

"मुलांच्या वर्द्या माझ्याकडे फारशा येत नाहीत. कोठीतून मापात मिळतात त्यांना. तुझ्या मुलींच्याच तेवढ्या पोत्यासारख्या कशा? दर वर्षी. ही बघ, हिच्यात अशा दोघी मावतील."

"काकांचे डोळे गेले असतील."

"मुलांच्या वेळी येतात होय परत?" तो हसला. "आणि बदलून का आणत नाहीत? कोठीत फुकट बदलून मिळतं. मी त्या एका पोरीला म्हटलंसुद्धा, अगं बाई, मला कशाला त्रास, काकांकडून लहान घेऊन ये. तर तिने वर्दी छातीशी अशी धरली, जशी मीच हिसकावून घेतोय. म्हणाली, नको भाऊ, तुम्हीच करा लहान."

भोंग्याचा घास हातातच राहिला.

"कोण? डबल?"

"नाव नाही विचारलं. बुटांचा आवाज दुहेरी होता."

ती जेवण तसंच टाकून उठली. "आता काय झालं?" असं नवऱ्याने विचारेपर्यंत ती फाटकाच्या आत होती.

मुलींच्या बराकीत दुपारची विश्रांती चालली होती. डबल खाटेच्या कडेला बसून बादलीत पाय बुडवून होती. पायांकडे बघवत नव्हतं. टाचा सोलवटलेल्या, बोटं फोडांनी भरलेली. दीक्षांत परेडच्या आधी डॉक्टर सगळ्यांना तपासायचा. असले पाय घेऊन त्याच्यासमोर गेलं की शेरा ठरलेला, नाकाम, घरी पाठवा. डबलच्या घरी दोन धाकट्या बहिणी खांद्यावर केरसुणी घेऊन अंगणात कवायत करत तिची वाट बघत होत्या. ही नोकरी गेली तर त्या केरसुणीने अंगण झाडण्यापलीकडे काही होणार नव्हतं.

भोंग्याने टोपी काढली. फरशीवरच बसली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात विचारलं की तिला स्वतःलाच चुकल्यासारखं झालं.

"पोरींनो, काही तक्रार आहे का गं?"

अख्खी बराक ताडकन उभी राहिली. डबल बादलीत उभी राहिली.

"नाही, उस्ताद!"

खिडकीतून कावळा उडाला. तो इकडे कधी आला होता कोण जाणे.

आपणच शिकवलेलं उत्तर असं थोबाडीत बसतं हे भोंग्याला ठाऊक नव्हतं. ती तशीच बसून राहिली. काही बोलली नाही, ओरडली नाही. मुली थोडा वेळ ताठ उभ्या राहिल्या, मग एकेक करून खाली बसल्या. उस्ताद गप्प आहे म्हणजे उस्ताद आजारी आहे असंच त्यांना वाटलं असणार. शेवटी बादलीतल्या पाण्याकडे बघत डबल बोलली.

"वर्दीच्या पहिल्या दिवशी काका दार लावून घेतात, उस्ताद. वाऱ्याने कागद उडतात म्हणतात. मग माप घेतात. फीत एकीकडे असते, हात दुसरीकडे."

एकीने पंचा आणून डबलच्या शेजारी ठेवला.

"आधीच्या तुकडीतल्या मुली सांगून गेल्या होत्या," दुसरी म्हणाली. "आत शिरताच सांगायचं, सगळ्यांत मोठं माप द्या, मला चालतं. म्हणजे मोजायला वेळ लागत नाही. आणि परत जायचं नाही."

"आणि मी तुम्हाला रोज सांगत होते," भोंगा म्हणाली, "जा, बदलून आण."

"हो, उस्ताद."

त्या "हो"मध्ये राग नव्हता, हेच तिला जास्त लागलं. तो बोळ, ती आरोळी, तो टाचा जुळवून उभा राहिलेला गडी, सगळं तिच्या डोळ्यांसमोर येऊन गेलं. तिला तिच्या आवाजाने वाचवलं होतं. तो आवाज सगळ्यांकडे असतोच असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"चुकले मी," ती म्हणाली. "आता पुढे काय करायचं ते तुम्ही सांगा. मी माझ्या मनाने बोंब मारणार नाही."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. डबलने विचारलं, "बोललो तर घरी पाठवतील?"

"ते मला माहीत नाही. खोटं सांगत नाही."

डबलने पाय बादलीतून काढले, पुसले. "आधी तुम्ही साहेबांना सांगून बघा. नावं न घेता. ते काय म्हणतात त्यावरून बघू."

मोठे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, दार बंद आहे ना ते बघितलं. दार बंद करण्याची ही काय सवय आहे या लोकांना, असं भोंग्याच्या मनात आलं.

"हे बघा, ही आपल्या घरातली गोष्ट आहे," ते म्हणाले. "पाहणीला जनरलसाहेब येतायत. ती परेड होऊ दे. काकांची दुसऱ्या छावणीत बदली करून टाकतो. ना गाजावाजा, ना कुणाला त्रास."

"तिथे कोठी आहे का, साहेब?"

"कोठी सगळीकडेच असते."

"मग मुलीही असतील."

साहेबांनी चष्मा पुन्हा पुसला, स्वच्छ होता तरी. "काका आपल्याकडेही असेच बदलीवर आले होते का, साहेब?" तिने विचारलं. साहेबांनी टेबलावरचा एक कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "तुमच्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे, भोंगाबाई. जरा धीर धरा."

ती सलाम ठोकून बाहेर पडली. सलामीचा आवाज असा झाला की बाहेरचा पहारेकरीही सावधान झाला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने कात्री खाली ठेवली. समोरच्या खुंटीवरच्या वर्द्यांकडे बघितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी ते लपवत बसलो होतो," तो म्हणाला. "त्याने ढगळ दिलं, मी आत घेतलं. बघणाऱ्याला वाटावं, सगळं कसं मापात आहे."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पण हात माझेच ना." मग तो उठला, एक वर्दी उतरवली, शिवण उजेडात धरली. "माझा टाका पक्का असतो. पण उसवायला घेतला की सरळ उसवतो, भोंगा."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपला नवरा देखणा आहे असं तिला वाटून गेलं.

तिने मुलींना दोन्ही गोष्टी सांगितल्या, साहेब काय म्हणाले ते आणि नवरा काय म्हणाला ते. "ज्यांना नको त्यांनी वर्दी उसवू नका. कुणाला कारण विचारणार नाही." मुलींनी आपसात ठरवायला वेळ मागितला. त्या संध्याकाळी बराकीतून भांडणाचा, रडण्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला. सुट्टीच्या दिवशी दुपारी शिंप्याच्या दुकानासमोर ओट्यावर, पायरीवर, उलट्या बादल्यांवर मुली येऊन बसल्या आणि ब्लेडने टाके उसवू लागल्या. शिंपी मधे बसून सांगत होता, "कापड कापू नका गं, फक्त दोरा. हं, अशी. सरकारी कापड आहे, मला फाशी द्याल." दोऱ्यांचा ढीग साठला. बाह्या लांबल्या, पाटलोणी पसरल्या. एकीने आपली वर्दी अंगात घालून बघितली आणि म्हणाली, "उस्ताद, मी आत आहे का बघा." सगळ्या इतक्या हसल्या की फाटकावरचा शिपाई काय झालं म्हणून येऊन गेला.

पाहणीचा दिवस उजाडला. मैदान झाडून लख्ख. मांडवात साहेब लोक, त्यांच्या मागे कोठीचे काका, गळ्यात फीत. जनरलसाहेब म्हणजे पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. मुलांच्या तुकड्या कडक कपड्यांत गेल्या. धप्प, धप्प, धप्प.

मग मुलींची तुकडी आली.

बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. पाटलोणी कमरेला पट्ट्याने गोळा करून बांधलेल्या. टोप्या कानांवर टेकलेल्या. पाय मात्र एका रेषेत, माना ताठ, नजर समोर. मांडवात आधी हसू फुटलं. एकजण म्हणाला, "थोरल्या भावांचे कपडे घालून आल्या का?" पण एका रांगेमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी, सगळ्या तशाच, हे बघून हसू हळूहळू जिरत गेलं. एका मुलीची वर्दी ढगळ असली तर ती मुलगी गबाळी. सगळ्यांचीच असली तर?

मोठ्या साहेबांचा चेहरा विटेच्या रंगाचा झाला. जनरलसाहेब मांडवातून उतरून तुकडीसमोर आले. त्यांनी एका मुलीची लोंबती बाही बघितली, हात लावला नाही, नुसती बघितली.

"उस्ताद, ही काय वर्दी?"

"कोठीतून मिळाली तशीच आहे, साहेब." भोंग्याचा आवाज मैदानाच्या चारही भिंतींपर्यंत गेला. "आजवर आमच्या शिंप्याने आत घेतली म्हणून दिसत नव्हती. आज टाका घातलेला नाही."

"कोठीत बदलून मिळत नाही?"

"मिळते, साहेब. पण माप घेणाऱ्याच्या हाताखाली पुन्हा कुणाला जायचं नाही."

जनरलसाहेबांनी मान वळवून मांडवाकडे पाहिलं. तिथे काकांचा हात फितीकडे गेला होता, काढावी की ठेवावी हे त्या हाताला कळत नव्हतं.

मग जनरलसाहेबांनी तो रोजचा प्रश्न विचारला. पण रोजच्या सुरात नाही. सावकाश, उत्तर हवं असलेल्या माणसासारखा.

"कुणाची काही तक्रार?"

भोंग्याची डावी टाच जमिनीवर घट्ट टेकलेली राहिली. ठोका पडला नाही. मैदानावर असं शांत झालं की झेंड्याची दोरी खांबावर आपटते आहे ते ऐकू येत होतं. कावळा भिंतीवर बसून मान तिरकी करून बघत होता. त्याचीही सवय मोडली होती.

आणि त्या शांततेत आवाज आला. थप-थप. थप-थप. रांगेतून एक मुलगी पुढे येऊन उभी राहिली.

"आहे, साहेब," डबल म्हणाली. आवाज लहान होता. पण पोटातून होता.

तिच्या मागून आणखी एक पाऊल वाजलं, मग आणखी एक. सगळ्या पुढे आल्या नाहीत. काही जागीच उभ्या राहिल्या, रडत किंवा कोरड्या डोळ्यांनी, आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

त्याच दिवशी कोठीच्या किल्ल्या काकांकडून काढून घेतल्या. चौकशीला माणसं आली ती छावणीबाहेरची. मुलींना एकेकीला बोलावलं, सोबत हवं त्या माणसाला बसू दिलं. काकांच्या जुन्या दोन छावण्यांतूनही बायका येऊन बोलल्या. त्यातली एक तर आता आजी झाली होती. खटला चालला, रेंगाळला, पुन्हा चालला, आणि काका तुरुंगात गेले तेव्हा झाडांची पानं पुन्हा एकदा गळून गेली होती.

सगळं लगेच गोडीगुलाबीचं झालं असं कुणी समजू नये. भोजनगृहात भोंगा बसली की शेजारची माणसं ताट उचलून दुसरीकडे जात. "काका तसले नव्हते हो," असं तिला ऐकू येईल अशा बेताने म्हणत. ती घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "बरं झालं. दोन्हीकडे कोपर पसरून जेवले." बढतीचा कागद टेबलावरून कपाटात गेला आणि कपाटात रमला. मोठ्या साहेबांना वरून कडक पत्र आलं, पुन्हा शिकायला पाठवलं गेलं. परतले ते जरा कमी बोलणारे होऊन परतले. आल्यावर पहिलं काम काय केलं, तर आपल्या खोलीचं दार उघडं ठेवायला लागले. भोंग्याने ते पाहिलं आणि काही बोलली नाही. बोलली असती तर सगळ्या छावणीने ऐकलं असतं.

तक्रारींसाठी आता एक बाई अधिकारी येते. ती मोठ्या साहेबांच्या हाताखाली नाही, कुणाच्याच ओळखीची नाही. फाटकाबाहेरच्या खोलीत बसते, ज्याला जायचं तो कुणाला न विचारता जातो. माप उघड्या पडवीत घेतात, मुली एकमेकींचं घेतात. आणि "नाही, साहेब"चा करंडक? तो सगळ्यांनाच नकोसा झाला. आता मुली त्यात दात घासायचे ब्रश ठेवतात.

भोंग्याला सगळ्यांत अवघड गेलं ते वेगळंच. सकाळचा प्रश्न आता उस्तादच विचारते, आणि विचारून गप्प राहायचं असतं. ठोका नाही, आरोळी नाही. आयुष्यभर आवाजावर जगलेल्या बाईने नुसतं उभं राहून वाट बघायची! पहिले काही दिवस तिचे ओठ नुसते थरथरायचे. मुलीही गप्प. मग एक दिवस एका पोरीने भीत भीत सांगितलं, "आंघोळीचं पाणी गार येतं, उस्ताद." भोंग्याला इतका आनंद झाला की तिने ती तक्रार पुन्हा एकदा मोठ्याने सांगायला लावली.

डबलचे पाय त्या दीक्षांत परेडपर्यंत बरे झाले नाहीत. पण डॉक्टरने तिला घरी पाठवलं नाही; पाय बरे करून पुढच्या तुकडीबरोबर ये, असं लिहून दिलं. तिची तुकडी पास होऊन गेली त्या दिवशी ती मैदानाच्या कडेला चपला घालून उभी होती आणि कुणी बघत नाही असं समजून डोळे पुसत होती. भोंगा बघत होती.

पुढच्या तुकडीत ती आली तेव्हा अंगावर नवी वर्दी होती, खांद्यावर खांदा बरोबर बसलेला, शिंप्याच्या हाताला काही कामच न ठेवणारी. पहिल्याच सकाळी भोंग्याने विचारलं, "कुणाची काही तक्रार?"

हात वर आला. डबलचा.

"बोल."

"नवे बूट चावतात, उस्ताद. या खेपेला लहान पडले."

रांगेत खसखस पिकली. भोंगाही हसली, आणि हसता हसताच तिच्या तोंडून जुनं वाक्य निघून गेलं, "जा, कोठीत जाऊन बदलून आण."

निघून गेलं आणि तिने जीभ चावली. डबल जागीच उभी होती. कोठीकडे बघत होती. कोठीचं दार आता बिजागरीतून काढूनच टाकलं होतं. आतल्या फळ्या, बुटांच्या ओळी, पडवीत बूट मोजून देणारी ठेंगणी बाई, सगळं इथून दिसत होतं.

"हो, उस्ताद," ती म्हणाली आणि निघाली.

भोंग्याने डोळे मिटले. जाताना पाय लंगडत गेले. मग थोडा वेळ काहीच नाही. मैदान ताटकळलं, भोंगा ताटकळली. आणि मग लांबून, कोठीच्या बाजूने, पावलं येऊ लागली. धावत येत होती. भोंगा कान देऊन ऐकत राहिली. पायामागे बूट धावत नव्हता. प्रत्येक पावलाचा एकच आवाज येत होता.